उरून उरलेला उरू

बऱ्याच दिवसांनी निवांत लिहायला बसलोय. मधले तीन-चार शनिवार ऑफिसनं खाल्ले, आणि ज्या कामानं खाल्ले त्याच कामातून आजचा विषय निघालाय. म्हणून आधी थोडं घरचं सांगतो, मग मूळ गोष्टीकडे वळू. आज जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा :-)

तर झालं असं की गेल्या आठवड्यात मी एक सर्व्हर बंद केला. 'मी' म्हणजे अगदी मीच. रात्री साडेअकरा वाजता काशीमीऱ्याच्या घरी, बाहेर हायवेवर ट्रकची रांग लागलेली असताना, शेवटची कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं. हाउसिंग सोसायट्यांचे हिशोब ठेवणारं एक छोटं ऑनलाइन सॉफ्टवेअर होतं ते. बारा वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी मोठ्या हौसेनं बनवलेलं. हजारो सोसायट्या वापरतील असं एक्सेलमध्ये दाखवलं होतं, प्रत्यक्षात आल्या शंभरच्या आत. सर्व्हरचा खर्च निघेना तेव्हा बंद करायचं ठरलं. हिशोबानं बघितलं तर निर्णय बरोबरच होता.

शेवटच्या आठवड्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला. वय सत्तरीच्या पुढे. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अहो, परवडत नसेल तर नवीन काही करू नका. आहे तसं राहू द्या की. आम्ही सांभाळू."

मी ठरलेलं उत्तर दिलं, "काका, तसं नसतं हो ते."

फोन ठेवला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. तसं का नसतं? कारण नेमकं हेच वाक्य, "आहे तसं राहू द्या, आम्ही सांभाळू", एका गेमच्या बाबतीत हजारो लोकांनी एका कंपनीला ऐकवलं होतं. आणि तिथे ते खरं ठरलं. त्या गेमचं नाव उरू.

उरूकडे जायच्या आधी 'मिस्ट'कडे जावं लागतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहराजवळ रँड आणि रॉबिन मिलर हे दोघे भाऊ गेम बनवत. कंपनीचं नाव सायन (हे सायन दादर आणि कुर्ल्याच्या मधलं नव्हे!). १९९३ मध्ये त्यांनी 'मिस्ट' आणला. बंदूक नाही, शत्रू नाही, मरणं नाही, घड्याळ नाही. एक निर्मनुष्य बेट, सुंदर स्थिर चित्रं आणि कोडी. बेटावर काही पुस्तकं सापडतात. पुस्तकाच्या पानावर एक छोटी चौकट असते आणि चौकटीत दुसरंच जग हलताना दिसतं. त्यावर हात ठेवला की तुम्ही तिकडे. बस्स, एवढंच. आणि एवढ्यावर या गेमच्या ६० लाखांवर प्रती खपल्या. २००२ मध्ये 'द सिम्स'नं मागे टाकेपर्यंत पीसीवरचा सगळ्यात जास्त विकला गेलेला गेम हाच होता.

मी तो पाहिला मीरा रोडला, मावसभावाच्या पीसीवर, एका मे महिन्याच्या सुट्टीत. आम्ही वही घेऊन बसायचो. कुठली कळ दाबली की कुठला आवाज येतो याच्या नोंदी, नकाशे, बाण. मावशीला वाटायचं पोरं अभ्यास करतायत. अर्धा गेमसुद्धा सुटला नाही आमच्याकडून, पण ती वही पुढे कित्येक वर्षं माळ्यावर होती.

१९९७ मध्ये मिस्टचा पुढचा भाग 'रिव्हन' आला आणि त्यानंतर रॉबिन कंपनीतून बाहेर पडला. रँडच्या डोक्यात मात्र एक भलतीच मोठी गोष्ट शिरली होती. मिस्टमध्ये माणूस एकटा असतो. त्याच जगात हजारो माणसं एकाच वेळी आली तर?

हाच तो उरू. कथा अशी: न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली एका अजस्र गुहेत 'दनी' नावाच्या लोकांचं शहर आहे. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ते उद्ध्वस्त झालं. आता काही संशोधक मंडळी त्या शहराचा जीर्णोद्धार करायला उतरली आहेत, आणि तुम्ही त्यात सामील व्हायला आला आहात. उरू या नावात इंग्रजीतला 'तू म्हणजे तूच' हा श्लेष आहे, आणि दनी भाषेत त्याचा अर्थ होतो मोठा जमाव. इथे तुम्ही जादूगार किंवा योद्धा व्हायचं नाही, स्वतः म्हणूनच वावरायचं. प्रत्येकाला ढगांमध्ये तरंगणारं एक छोटं खाजगी बेट मिळतं, त्यावर एक झोपडी आणि पुस्तकांचं कपाट. शिवाय प्रत्येकाची एक आळी असते, मधोमध कारंजं असलेली. संध्याकाळी लोक त्या कारंजाभोवती जमतात आणि गप्पा मारतात.

आता यातली महत्त्वाकांक्षा बघा. कंपनीचं म्हणणं होतं की गेम संपणारच नाही. टीव्ही मालिकेसारखी नवी जगं, नवी कोडी सतत येत राहतील. संशोधकांच्या भूमिकेत खरी माणसं लॉगिन करून शहरात फिरतील, खेळाडूंशी बोलतील, भांडतील. कथा रोज घडत राहील. नोव्हेंबर २००३ मध्ये युबीसॉफ्टनं गेम बाजारात आणला, पण बॉक्समध्ये होता तो एकट्यानं खेळायचा भाग. ऑनलाइन भाग, म्हणजे 'उरू लाइव्ह', आमंत्रणानं थोड्या-थोड्या लोकांना उघडला जात होता.

आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो रद्द झाल्याची घोषणा झाली. म्हणजे पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुकान रीतसर उघडण्याच्या आधीच शटर खाली!

का? एक कारण सरळ आहे. पुरेसे लोक पैसे भरायला तयार होतील असं युबीसॉफ्टला दिसलं नाही. उरूला चांगलं ब्रॉडबँड लागायचं आणि २००३ मध्ये अमेरिकेतसुद्धा घरोघरी ते नव्हतं. (आपल्याकडची तर बातच सोडा. भारत सरकारचं ब्रॉडबँड धोरण ऑक्टोबर २००४ मध्ये आलं आणि त्यात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. तोवर आम्ही मोडेमची किरकिर ऐकत फोनचं बिल वाढवत होतो.)

पण माझ्या मते खरं कारण गणिताचं आहे. इतर ऑनलाइन गेम्समध्ये एकच राक्षस पाचशे वेळा मारायचा असतो. राक्षस बनवायचा एकदा, खेळाडू त्यावर महिनाभर घाम गाळणार. कोड्याचं तसं नाही. एक नवं जग बनवायला चित्रकार, प्रोग्रामर, संगीतकार महिनोन्‌महिने खपतात. ते जग उघडल्यावर पहिल्या रात्रीच कोणीतरी कोडं सोडवतो आणि सगळ्यांना सांगून मोकळा होतो. सुटलेलं कोडं पुन्हा सुटत नाही. म्हणजे स्वयंपाकाला सहा महिने आणि जेवण वीस मिनिटांत! हा धंदा कितीही सुंदर असला तरी कुठलीही कंपनी त्यात थकणारच.

आता गोष्ट खरी सुरू होते.

बंद व्हायच्या रात्री लोक आपापल्या आळीत जमले. निरोप घेतले, गोल करून उभे राहिले, आणि स्क्रीनवर कनेक्शन तुटल्याचा मेसेज येईपर्यंत कोणी हललं नाही. यात पोरंटोरं कमी होती बरं का. सेलिया पिअर्स या अभ्यासक बाईंनी यातल्या एका गटाबरोबर बराच काळ काढून 'कम्युनिटीज ऑफ प्ले' हे पुस्तक लिहिलं (२००९, एमआयटी प्रेस). त्या गटात निम्म्या बायका होत्या आणि बरीचशी मंडळी चाळिशी-पन्नाशीतली होती. ते स्वतःला निर्वासित म्हणवून घेत. घर गेलं, पण शेजारी सोडायचे नव्हते. म्हणून ते जथ्यानं दुसऱ्या ऑनलाइन जगांत गेले, 'देअर'मध्ये, 'सेकंड लाइफ'मध्ये, आणि तिथे आपल्या आठवणीतल्या दनीसारख्या वास्तू उभारल्या. कारंजासकट! फाळणीनंतर उल्हासनगरला आलेल्या सिंधी लोकांनी आपल्या गावाच्या नावांची दुकानं काढली, त्याची आठवण झाली मला. तुलना जरा मोठी आहे, दुःख तर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण ओढ त्याच जातीची.

काहींनी मात्र मूळ गेमलाच हात घातला. आणि इथे सायननं एक शहाणपणाची गोष्ट केली. वकिलाची नोटीस पाठवायच्या ऐवजी ऑगस्ट २००४ मध्ये त्यांनी फॅन्सना सर्व्हर सॉफ्टवेअर चालवायची परवानगी दिली. याचं नाव 'अनटिल उरू', म्हणजे खरा उरू परत येईपर्यंतची सोय. फॅन्स आपापल्या मशीनवर सर्व्हर चालवायचे, त्यांना 'शार्ड' म्हणत. शार्ड म्हणजे तुकडा, फुटलेल्या काचेचा असतो तसा. नवीन जग येणार नाही, दुरुस्ती होणार नाही, आहे ते आहे. तरी लोक यायचे. रोज यायचे. सुटलेली कोडी नवख्यांना दाखवायचे आणि कारंजाभोवती बसायचे.

गंमत बघा. कंपनीच्या हिशोबात उरूचा जीव होता नव्या मालात. लोकांच्या हिशोबात तो जीव कारंजाजवळ होता, आणि कारंजाला काही खर्च नव्हता.

तेवढ्यात धंद्याला पुन्हा एकदा आशा वाटली. सायनची अवस्था वाईट होती. सप्टेंबर २००५ मध्ये जवळजवळ सगळ्यांना घरी पाठवायची वेळ आली, आणि काही आठवड्यांतच बरेचसे लोक परत कामावर घेतले गेले. टर्नर ब्रॉडकास्टिंगच्या 'गेमटॅप' या सेवेनं पैसा पुढे केला होता. फेब्रुवारी २००७ मध्ये 'मिस्ट ऑनलाइन: उरू लाइव्ह' या नावानं गेम पुन्हा उघडला. नवीन माल येऊ लागला, लोक परतले. आणि २००८ मध्ये पुन्हा तीच घोषणा, पुन्हा फेब्रुवारीतच! एप्रिलमध्ये सर्व्हर बंद. जेमतेम चौदा महिने. स्वयंपाक आणि जेवणाचं ते गणित काही बदललं नव्हतं.

एखाद्या गेमला दोनदा मूठमाती दिल्यावर शहाण्या माणसानं विषय सोडला असता. सायननं हक्क परत मिळवले, स्वतः चालवायचा बेत केला, पण पैसे नव्हते. शेवटी डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी सोर्स कोडच लोकांना देऊन टाकायचा विचार जाहीर केला. फेब्रुवारी २०१० मध्ये (हो, फेब्रुवारीच!) सर्व्हर परत सुरू झाला. या वेळी फुकट, खर्च देणगीतून. आणि एप्रिल २०११ मध्ये गेमच्या क्लायंटचा आणि जगं बनवायच्या साधनाचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला झाला.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं. सोर्स कोड खुला केला म्हणजे लगेच सगळं पळायला लागलं असं होत नाही. बाहेरून विकत घेतलेल्या लायब्ररीज कंपनी फुकट वाटू शकत नाही. फिजिक्सची लायब्ररी दुसऱ्याची, व्हिडिओची तिसऱ्याची. घर तुमच्या नावावर केलं, पण नळाची जोडणी आणि विजेचा मीटर परक्याचा. फॅन्सनी एकेक तुकडा बदलत आणला. बंदिस्त व्हिडिओ लायब्ररीच्या जागी खुली बसवली. सर्व्हरचा कोड मिळाला नव्हता, तर क्लायंट काय विचारतो आणि त्याला काय उत्तर हवं हे बघून नवे सर्व्हर शून्यापासून लिहिले. सोर्स खुला व्हायच्या आधीपासूनच त्यांनी गेमच्या फाइल्सची रचना उलगडून 'ब्लेंडर' या फुकट थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नवी जगं बनवायची सोय केली होती. हे काम करणाऱ्यांना पगार नाही, डेडलाइन नाही, अप्रेझल नाही. जग बनवायला दोन वर्षं लागली तर लागली. म्हणजे ज्या गणितानं कंपनीला दोनदा बुडवलं, त्या गणितातला खर्चाचा रकानाच गायब झाला! पुढे तर सायननं फॅन्सनी बनवलेली काही जगं आपल्या मुख्य सर्व्हरवर घेतली.

चित्रं, संगीत, कथा यांचे हक्क सायनकडेच राहिले. म्हणजे सगळं देऊन टाकलं असं नाही. चालू राहायला जेवढं लागतं तेवढं दिलं.

आता हिशोब मांडू. पहिला व्यापारी अवतार काही महिने टिकला. दुसरा चौदा महिने. आणि नोकरदार फौज नाही, जाहिरात नाही, नव्या मालाचं वचन नाही असा देणगीवरचा तिसरा अवतार २०१० पासून चालतोय. पंधरा वर्षं उलटून गेली. मग अयशस्वी नक्की कुठला म्हणायचा?

सगळीकडे असं होत नाही हेही सांगायला हवं, नाहीतर ही परीकथा होईल. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद झाला. त्याचा सर्व्हर काही लोकांनी गुपचूप चालवला आणि ते २०१९ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा बाहेर राहिलेले जुने खेळाडू चिडले की आम्ही वर्षानुवर्षं शोक करत होतो आणि तुम्ही आत खेळत होतात! मूळ कंपनीचा अधिकृत परवाना फॅन्सना मिळायला जानेवारी २०२४ उजाडावं लागलं. 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'च्या चाहत्यांनी तर कंपनीनं गेम बदलून टाकल्यावर जुना गेम कोडाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतला, आणि त्यात वर्षंच्या वर्षं घातली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा जुना अवतार जपणारा 'नॉस्टॅलरियस' हा फॅन सर्व्हर २०१६ मध्ये कायद्याच्या बडग्यानं बंद करावा लागला. दीड लाख सक्रिय खेळाडू होते असं चालवणारे सांगत. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, कंपनीनं स्वतःच जुना अवतार 'क्लासिक' म्हणून बाजारात आणला. म्हणजे मागणी खरी होती, फक्त ती आधी दिसली फॅन्सना.

या सगळ्यात फरक कशानं पडतो? प्रेम तर सगळीकडेच होतं. हुशार माणसंही सगळीकडे होती. फरक पडतो मालक काय करतो त्यानं. त्यानं चावी दिली तर काम उजेडात होतं. नाही दिली तर तेच काम अंधारात, चोरून, वकिलाच्या भीतीनं होतं, नाहीतर होतच नाही.

मागच्या रविवारी सकाळी बाइक काढून घोडबंदरच्या किल्ल्यावर जाऊन आलो. काशीमीऱ्यात राहून वर्षानुवर्षं तिथे न गेलेले माझ्यासारखे बरेच असतील. पोर्तुगीजांनी बांधला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. ज्याच्यासाठी बांधला ते काम, म्हणजे खाडीवर नजर ठेवणं, कधीच संपलं. सरकारी भाषेत बोलायचं तर प्रॉडक्ट बंद पडून दोनशे वर्षं झाली. तरी सह्याद्रीत बघा, दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर पोरं पाठीवर घमेली-फावडी घेऊन चढतायत. टाक्यातला गाळ काढतायत, पायऱ्यांवरची झुडपं तोडतायत. त्यातल्या कोणालाच तिथे पुन्हा राजधानी वसवायची नाहीये. फक्त वाट मोकळी राहावी, पाणी स्वच्छ राहावं, पुढच्याला वर येता यावं. उरूच्या लोकांनीही एवढंच मागितलं होतं. आणि गंमत म्हणजे गेमची कथाच उद्ध्वस्त शहर सावरायला आलेल्या लोकांची होती. कंपनीनं ती नाटक म्हणून लिहिली, लोकांनी ती खरी करून दाखवली.

असो. आता माझ्या सर्व्हरकडे परत येतो.

काकांच्या सोसायटीला आम्ही सगळ्या नोंदींच्या एक्सेल फाइल्स दिल्या. नियमाप्रमाणे जे द्यायचं ते सगळं दिलं. पण काकांनी नोंदी मागितल्या नव्हत्या. त्यांना सांभाळायचं होतं, आणि सांभाळायची सोय आम्ही कधी बनवलीच नव्हती. आमचा कोड असा लिहिलेला होता की आमच्याशिवाय तो कोणाला चालवताच येऊ नये. तेव्हा त्याला आम्ही सुरक्षितता म्हणायचो. त्यात बाहेरच्या दोन लायब्ररीज आहेत, पासवर्ड कोडातच लिहिलेले आहेत (हसू नका, तुमच्याकडेही असतील), आणि कसं बसवायचं याचं एक पानसुद्धा कुठे नाही.

सर्व्हर बंद केला असला तरी कोड आहे. सोमवारी मॅनेजरला विचारणार आहे की हा कोड खुला करता येईल का. बहुतेक नाहीच म्हणेल, आणि त्याची कारणंही अगदीच चुकीची नसतील. पण "तसं नसतं हो ते" असं मी काकांना न विचारता सांगून मोकळा झालो होतो, ते काही बरोबर नव्हतं. तसं असतं, काका. कधीकधी असतं. फक्त शटर ओढायच्या आधी चावीचा विचार करावा लागतो.

चला, चहा गार झाला. पासवर्ड काढायला घेतो.